स्थिती : मळकट

नाव तुम्ही पुसलंत, साहेब. चोरानं नाही, गंजानं नाही, काळानं तर नाहीच नाही. ऐंशी वर्षं ते नाव एका चांदीच्या पदकाच्या कडेवर तग धरून होतं. सोनाराच्या तराजूत पडलं, भंगाराच्या डब्यात पडलं, कुणीतरी कधीतरी ते दगडावर आपटून त्याला पोचा पाडला, तरी नाव शाबूत होतं. तुमच्या कार्यालयात सोळा दिवस राहिलं आणि गेलं. वर तुम्हीच पत्र धाडलंत, की पदकावर नाव आढळून येत नाही. आढळेल कसं?

ज्यानं ते पदक तुमच्या हवाली केलं त्याला गल्लीत बिल्लेकाका म्हणतात. एकतीस वर्षं त्यानं कारखान्यात इंजिनांच्या सांगाड्यांवर नंबर ठोकले. डाव्या हातात पोलादी पंच, उजव्या हातात हातोडी, एका आकड्याला एक घाव. दुसरा घाव पडला की आकडा दुहेरी उठायचा आणि फोरमन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. त्या ठणठणाटात उजवा कान कायमचा अधू झाला. पण बोटं अशी तयार झाली, की डोळे मिटून एखाद्या धातूच्या कडेवरून अंगठा फिरवला तरी आठ आहे की तीन, ते सांगायचा.

निवृत्त झाल्यावर इतर लोक फिरायला जातात, हा जुन्या बाजारात जायला लागला. टोप्यांवरचे बिल्ले, खांद्यावरचे पितळी आकडे, पट्ट्यांची बक्कलं, पदकं. दोन खोल्यांच्या घरात एक लोखंडी कपाट, त्यात चपटे खण, खणात हिरवं बनातीचं कापड आणि त्यावर ओळीनं सगळी पलटण.

"एवढे शूर वीर घरात ठेवलेत," काकू म्हणायच्या, "पण एक मेला भांडी घासायला उठत नाही!"

"अगं, ते मेलेलेच आहेत."

"मग तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय?"

काकाचे नियम दोन. पहिला, जुन्या पदकाला कधीही घासायचं नाही. कापड नाही, पावडर नाही, लिंबू तर नाहीच नाही. अक्षरांच्या खाचेत साचलेला काळेपणा हीच त्याची ओळख. तो गेला की अक्षर पांढऱ्यावर पांढरं होतं आणि पुढच्या घासण्यात मरतं. दुसरा नियम सगळ्याच संग्राहकांचा. कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. हा पूर्ण मजकूर कुठेही लिहायचा नाही, त्याचा फोटो काढायचा नाही. कारण तो बाहेर फुटला की नकली माल करणारे कोऱ्या पदकावर तेच नाव ठोकतात आणि एका माणसाची तीन तीन पदकं बाजारात फिरतात. म्हणून वहीत नंबराचे शेवटचे दोन आकडे आणि नावाचा उत्तरार्ध लिहायचा नाही. तो डोक्यात ठेवायचा.

ते पदक त्याला एका बिस्किटांच्या डब्यात सापडलं. जुन्या चाव्या, खिळे आणि तुटक्या बक्कलांच्या खाली. कडेवरून अंगठा फिरला तसा तो बाजारात उभ्या उभ्याच थबकला. हुद्द्याच्या जागी ठोकलं होतं, जखमी वाहक. म्हणजे बंदूक न घेता लढाईत जाणारा, पडलेल्यांना स्ट्रेचरवर घालून मागे आणणारा. अशा माणसाचं पदक त्याच्या हाती कधी लागलं नव्हतं.

बहुतेक लोकांनी ते खणात ठेवून दिलं असतं. काका माणूस शोधायला निघाला. माजी सैनिकांच्या संघटनेला पत्रं, जुन्या पेन्शन याद्या, दवाखान्यांची दप्तरं. तीन वर्षं घालवली. शेवटी सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या एका खोलीचं दार त्यानं वाजवलं, तेव्हा आतून आवाज आला, "पंखा काल दुरुस्त झाला, आता काय छप्पर उचकटणार का?"

"मावशी, मी पंख्याचा नाही. तुमच्या वडिलांच्या कामासाठी आलोय."

दार उघडलं. चौऱ्याऐंशी वर्षांची, काठीसारखी सरळ बाई. तिनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "माझा बाप मी चार वर्षांची असताना गेला. तुला फार उशीर झाला रे."

पदक तिच्या तळहातावर ठेवलं तेव्हा ती रडलीबिडली नाही. चष्मा कपाळावर सरकवून तिनं कड डोळ्याशी नेली आणि बापाचं पूर्ण नाव मोठ्यानं वाचलं. मग म्हणाली, "मला नववं वर्ष होतं. ताप उतरत नव्हता. आईनं हे सोनाराला दिलं आणि औषध आणलं. म्हणजे त्यानं मेल्यावरही एक जखमी उचलून आणला, बघ."

काका म्हणाला, "ठेवा तुमच्याकडे. तुमचंच आहे."

"ठेवून काय करू? मी गेले की पुन्हा तुझ्या त्या डब्यात. त्याचा फोटो नाही, थडगं नाही, दप्तर नाही. त्याचं नाव कुठेतरी असं ठेव की ते कुणाला विकता येणार नाही."

तशी जागा होती. संग्रहालयाच्या आवारात काळ्या दगडाची भिंत उभी राहत होती, जुन्या युद्धात मेलेल्यांच्या नावांची. ज्या पलटणींची दप्तरं शिल्लक होती त्यांची नावं आपोआप जाणार होती. जखमी वाहकांचं दप्तर गोदामात पाणी शिरून लगदा झालेलं. त्यांच्यासाठी नियम होता, मूळ पदक सादर करा, कडेवरचा मजकूर तपासून निर्णय होईल. भिंतीचा आणि संग्रहालयाचा कारभार एकाच साहेबाकडे.

काका मावशींच्या नावाचा अर्ज आणि पदक घेऊन गेला. खिडकीतल्या कारकून बाईंनी पावती काढली. रकाने चार होते. वस्तू, धातू, संख्या, स्थिती.

"बाई, कडेवरचा मजकूर लिहा."

"त्याला रकाना नाही, काका."

"मग शेऱ्यात लिहा."

"शेरा साहेबांचा असतो." त्यांनी पदक उलटंसुलटं केलं आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं, मळकट.

"तो मळ नाही हो बाई."

"मग काय आहे?"

"वय आहे."

बाई हसल्या. वाईट नव्हत्या त्या. "वयाला पण रकाना नाही."

मागे रांग होती. काकानं पावती घडी करून खिशात घातली. एकतीस वर्षं प्रत्येक नंबर ठोकल्यावर सही घेतल्याशिवाय पुढे न सरकलेला माणूस त्या दिवशी सही न घेता सरकला. त्याचं त्याला आजही शल्य आहे.

सोळा दिवसांनी पत्र आलं. "सादर केलेल्या पदकाच्या कडेवर कोणताही मजकूर आढळून येत नाही. सबब अर्ज नामंजूर. पदक परत न्यावे."

पदक प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळालं. कालच दुकानातून आणलेल्या स्टीलच्या चमच्यासारखं झळकत होतं. वरच्या सिंहाची आयाळ गेलेली, नाक गेलेलं. काकानं कडेवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. काचेवरून फिरवावा तसा अंगठा घसरत गेला.

कार्यालयातला शिपाई मोठ्या कौतुकानं बघत होता. "मस्त झालंय ना काका? सगळीच चमकवली. उद्घाटनाला बडे पाहुणे यायचेत. साहेबांनी सांगितलं, काचेच्या पेटीत काळं काही दिसता कामा नये. मशीनच्या चाकावर लावली. तुमच्या ह्याची कड फारच काळी होती, ती दोनदा घेतली."

काकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या शिपायावर ओरडून काय उपयोग? त्याला चाक फिरवायला सांगितलं, त्यानं फिरवलं. काका जिन्यावरून दोन दोन पायऱ्या चढत साहेबांच्या खोलीत घुसला.

"माझ्या पदकाला मशीन कुणी लावायला सांगितलं?"

साहेब सहीत गुंतलेले. "बसा. पाणी घ्या."

"पाणी नको, नाव द्या."

"हे बघा, जतनाची प्रक्रिया ही आमची अंतर्गत बाब आहे. पावतीवर स्थिती मळकट. मळ काढला. तक्रार कसली?"

"मळाबरोबर नावही काढलंत!"

"नाव होतं, याला पुरावा?"

काकानं वही टेबलावर आपटली. साहेबांनी ती सावकाश चाळली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. चोर सापडल्यावर पहारेकऱ्याला येतं तसलं.

"काका, इथे तर नंबर अर्धाच आहे. नावही अर्धंच. पुढे फुल्या."

काकानं दुसरा नियम समजावला. नकली माल, बाजार, सगळं. शेवटचे दोन आकडे तीन आणि नऊ, तेही सांगितले.

"म्हणजे," साहेब म्हणाले, "चोरांच्या भीतीनं पुरावा तुम्हीच लपवलात. आणि आता जबाबदारी आमची? वर आता तोंडी आकडे सांगता. मीही सांगीन, चार आणि चार. आणखी एक विचारू? हा माणूस लढणारा तरी होता का? उचलाउचल करणाऱ्यांची नावं घालत बसलो तर भिंत पुरायची नाही."

काका उठला. वही उचलली आणि जिना उतरला.

मावशींना सांगायला त्याची जीभ रेटेना, पण सांगितलं. त्यांनी गुळगुळीत पदक हातात घेतलं, कड डोळ्याशी नेली, चष्मा पुसला आणि पुन्हा नेली. "मला दिसत नाहीये की नाहीच आहे?" त्यांनी विचारलं.

"नाहीच आहे, मावशी."

"मग मी वाचलं होतं ते काय स्वप्नात?"

घरी आल्यावर काकूंनी ताट वाढलं, ते तसंच राहिलं. "दोन आकडे लिहिले असते तर तुमची काय बोटं झडली असती?" त्या म्हणाल्या. मग त्यांचा आवाज उतरला. "अहो, तुमच्या कारखान्यात पोलीस यायचे ना, चोरीच्या गाड्या घेऊन? त्या चोरांनी नंबर कानशीनं घासलेले असायचे. तरी तुम्ही वाचायचात."

काकानं ताट बाजूला सरकवलं.

खरंच वाचायचा. कोरलेलं अक्षर म्हणजे नुसता ओरखडा, घासला की संपला. पण हातोडीनं ठोकलेलं अक्षर खाली धातूत दबत जातं. वरचा थर घासून काढला तरी खालची दबलेली चांदी बाकीच्या चांदीसारखी उरत नाही. पातळ केलेलं तेजाब लावलं की दबलेला भाग वेगळ्या वेगानं खाल्ला जातो आणि अक्षर वर येतं. एकदाच नीट येतं. वेळेवर धुतलं नाही तर तेजाब अक्षरासकट सगळं खातं. इंजिनावर हे त्यानं शेकडो वेळा केलं होतं. चांदीवर कधीच नाही.

काकूंनी कपाटातून चांदीचा चमचा काढला. लेकीच्या जन्माच्या वेळी आलेला, तोही एकुलता एक. "घ्या. करून बघा."

त्यानं जुने पंच काढले, चमच्याच्या पाठीवर काही अक्षरं ठोकली, कानशीनं सपाट केली, वर पॉलिश मारलं. मग खिडकीत बसून कापसानं तेजाब लावलं. पहिल्यांदा काहीच नाही. मग काचेवर श्वास सोडल्यावर उमटावं तसं करडं काहीतरी उमटलं. काकूंनी मान वाकडी करून वाचलं. त्यांचंच नाव होतं.

"एवढ्या वर्षांत माझं नाव कुठेतरी लिहिलंत," त्या म्हणाल्या, "तेही चमचा नासवून."

नामंजुरीवर तीस दिवसांत सुनावणी मागता येते, असं त्या पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात होतं. ती सुनावणी सकाळी अकराला लागली. टेबलापलीकडे साहेब, बाजूला नोंदवही घेऊन कारकून बाई, अलीकडे मावशी आणि काका. काकाच्या पिशवीत बाटली, कापूस, वाटीत पाणी, भिंग.

साहेब म्हणाले, "काही नवीन पुरावा आहे का?"

"पुरावा तोच आहे," काका म्हणाला. "तुम्ही झाकलाय, तो उघडतो."

"हे काय? तेजाब? शासकीय टेबलावर?"

"मावशींचं पदक आहे. अर्जदार त्या आहेत. मावशी, तुमची परवानगी?"

"लाव," मावशी म्हणाल्या. "आणखी काय बिघडायचं राहिलंय?"

साहेब घंटी वाजवायला गेले, पण तोवर कापूस कडेला लागला होता. काका अधू कान टेबलाकडे आणि चांगला कान मावशींकडे करून बसला. हात कारखान्यात एकतीस वर्षं असायचा तितकाच स्थिर. मिनिट गेलं. साहेब म्हणाले, "तमाशा पुरे." आणखी अर्धं मिनिट गेलं. कारकून बाई खुर्चीवरून अर्धवट उठल्या.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "चार आलाय. इथे शून्य."

कड करडी होत होती आणि त्या करड्यातून गडद आकडे वर येत होते. एकेक करून, जसे ठोकले होते त्याच क्रमानं. बाई वाचत होत्या आणि वाचता वाचता नोंदवहीत लिहीतही होत्या. शेवटी तीन. मग नऊ. मग जखमी वाहक. मग नाव. काकानं भिंग साहेबांच्या हातात दिलं. साहेबांनी चष्मा काढला, भिंग लावलं, पदक फिरवत फिरवत पूर्ण कड पाहिली. त्यांचे ओठ हलत होते. माणूस मनात वाचताना हलतात तसेच. काकानं पदक त्यांच्या हातातून काढून वाटीतल्या पाण्यात बुडवलं. अक्षरं फिकी झाली, पण राहिली.

ते नाव इथे लिहिलेलं नाही. त्याची जागा तुमच्या भिंतीवर आहे.

मावशींनी ओलं पदक घेतलं, कड डोळ्याशी नेली. या वेळी त्यांनी मोठ्यानं वाचलं नाही. नुसती मान हलवली, ओळखीचं माणूस रस्त्यापलीकडे दिसल्यावर हलवतात तशी.

साहेबांनी भिंग टेबलावर ठेवलं. मग खाकरले आणि कारकून बाईंना म्हणाले, "लिहा. अर्जदारांच्या सोबत्यानं पदकावर रासायनिक प्रयोग केल्यामुळे पदकाचं मूळ स्वरूप नष्ट झालं आहे. सबब सदर पदक पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही."

बाईंनी पेन उचललं नाही.

"मूळ स्वरूप?" काकाचा आवाज चिरकला. "मूळ स्वरूपाचा तुम्ही चाकावर धरून भुसा केलात! दोनदा! तुम्ही घासलंत तर ते जतन, आम्ही नाव वर आणलं तर तो नाश? कुठल्या शाळेत शिकलात हो हे?"

"आवाज खाली, काका. मी सुरक्षारक्षकाला बोलावीन."

"बोलवा! त्यालाही वाचू दे!"

"नियम मी केलेले नाहीत."

"नियम म्हणतो, कडेवरचा मजकूर तपासा. तपासलात ना आत्ता? भिंग घेऊन तपासलात!"

"मी काय पाहिलं हा मुद्दा नाही. मुद्दा पदकाच्या स्थितीचा आहे." साहेब बाईंकडे वळले. "लिहिलंत का? आणि वरचं ते खोडा. आकडे वगैरे."

"पेनानं लिहिलंय, साहेब," बाई म्हणाल्या. "खोडलं तरी खाली दिसेल."

"मग पान काढा."

"पानांना नंबर आहेत."

साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी फाइल मिटली, पेनाला टोपण लावलं आणि खुर्ची मागे सरकवली. "सुनावणी संपली. निर्णय यथावकाश लेखी कळवण्यात येईल."

तेव्हा मावशी उठल्या. त्यांनी खुर्ची उचलली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईनं लाकडी खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, काका मदतीला पुढे झाला तर त्याला कोपरानं बाजूला सारलं. खुर्ची नेऊन दारात, बरोबर उंबऱ्यावर ठेवली आणि तिच्यात बसल्या. बाहेर जायची दुसरी वाट त्या खोलीला नव्हती.

"आजी, हे बरोबर नाही. बाजूला व्हा."

"तुझं वय काय रे?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"माझा बाप गेला तेव्हा सव्वीसचा होता. तुझ्या अर्ध्याहून लहान. पडलेला माणूस आपला की परका, ते बघत नव्हता म्हणे. आधी उचलायचा. तुला मी काही उचलायला सांगत नाहीये. तुझं यथावकाश मला नको. माझ्याकडे तेवढा अवकाश नाही. लेखी नको, शिक्का नको, सबब तर अजिबात नको." त्यांनी कारकून बाईंकडे मान वळवली. "पोरी, पेन उघडं ठेव. हा आता काय बोलेल ते शब्दाला शब्द त्याच पानावर लिही."

बाईंनी पेन उघडं ठेवलं.

"आत्ता, या टेबलावर, ते भिंग डोळ्याला लावून तू माझ्या बापाचं नाव वाचलंस. ओठ हलवून वाचलंस, मी बघत होते. वाचलंस, की नाही? हो म्हण, नाहीतर माझ्या तोंडावर नाही म्हण. बोल."